पंधरा तारखेच्या चलनापलीकडे : ईएसआय सल्लागार सेवेचा चार वर्षांचा अनुभव

हिंगणा एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे आणि त्यात सध्या ३४ कामगार आहेत. पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, यांचे काम आम्ही चार वर्षांहून अधिक काळ धरमपेठेतील एका सल्लागार कार्यालयाकडे सोपवलेले आहे. त्या कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही. अशी सेवा कोणत्या कसोटीवर घासून पाहावी एवढेच मला नागपुरातील लहान उद्योजकांना सांगायचे आहे. पंधरा तारखेच्या आत दरमहाच्या वर्गणीचे चलन भरले गेले की सल्लागार चांगला, असे मीही बरीच वर्षे मानत होतो. कामगार कामावरून जातो त्या दिवशी सल्लागार कागदावर काय लिहितो, यावरून त्याची पारख करायला मी फार उशिरा शिकलो.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या हातातील मोठी ऑर्डर गेली आणि सहा कामगार कमी करावे लागले. त्या वेळच्या सल्लागाराने, जो आता आमच्याकडे नाही, सहाही जणांकडून छापील राजीनाम्यावर सह्या घ्यायला सांगितल्या आणि ईएसआयच्या मासिक विवरणात कारणाच्या रकान्यात ‘सेवा सोडली’ या अर्थाचा २ हा क्रमांक टाकला. मी ते वाचलेसुद्धा नाही. दोन महिन्यांनी सात वर्षे आमच्याकडे काम केलेला वेल्डर कारखान्यात आला. त्याने बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज केला होता आणि नोंद आडवी आली होती. तो म्हणाला, “साहेब, काम तुमच्यापाशी नव्हतं म्हणून मी घरी बसलो. कागदावर मात्र मीच काम सोडलं असं लिहून आहे.” त्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

ईएसआयमध्ये बेरोजगारी भत्ता असतो हे अनेक मालकांना आणि त्याहून अधिक कामगारांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून लागू झाली. तेव्हा भत्ता दैनंदिन सरासरी कमाईच्या २५ टक्के होता. ऑगस्ट २०२० मध्ये टाळेबंदीच्या पार्श्वभूमीवर तो ५० टक्के करण्यात आला आणि आमच्या कामगारांचे काम गेले तेव्हाही हाच वाढीव दर लागू होता. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळतो. दिवसाची सरासरी कमाई ५५० रुपये धरली तर ही रक्कम २४,७५० रुपये होते, आणि काम गेलेल्या वेल्डरच्या घरात तेवढ्यावर मुलांच्या शाळेची फी आणि खोलीचे भाडे निभावते. अट अशी की बेकारीपूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी, बेकारीच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत, म्हणजे वर्गणीच्या सहामाहीत, किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तरी तितकेच असावे. गैरवर्तनाबद्दल काढलेला, वयोमानाने निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार या भत्त्याला पात्र ठरत नाही.

२०२० च्या बदलानंतर कामगाराला आपला अर्ज मालकामार्फत पाठवावा लागत नाही, तो थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात देता येतो. तरीही त्याचे दिवस, त्याचे वेतन, त्याचा शेवटचा कामाचा दिवस आणि जाण्याचे कारण या चारही गोष्टी मालकाच्या नोंदीतूनच येतात. १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना तर कारखाना बंद पडलेल्या किंवा कायद्यानुसार कपात झालेल्या, म्हणजे काम नाही म्हणून कमी केलेल्या, कामगारासाठी आहे आणि तिचा भत्ता २४ महिन्यांपर्यंत जातो. आम्ही घेतलेल्या त्या सहा राजीनाम्यांनी या दुसऱ्या योजनेचे दार तर विचार करण्याआधीच लावून टाकले होते.

सध्याच्या सल्लागाराकडे मी प्रथम गेलो तो हे निस्तरण्यासाठी. त्या बाईंनी फीविषयी बोलण्याआधी सहाही जणांचे हजेरीपत्रक आणि पगारपत्रक मागवले. नंतर त्यांनी मला स्पष्ट सांगितले की ही कपात होती, तिला औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५-फ लागू होते, म्हणजे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यायला हवे होते. आम्ही फरकाची रक्कम सहाही जणांना दिली आणि राजीनामे आमच्या सांगण्यावरून लिहिले गेले होते असे माझ्या सहीचे पत्र शाखा कार्यालयाला दिले. वेल्डरचा भत्ता त्याच्या बँक खात्यात जमा झाला. सहांपैकी दोघे तोवर गोंदियाकडे आपल्या गावी परतले होते आणि त्यांनी अर्जच केला नाही. ते नुकसान मला भरून काढता आले नाही.

दरमहाच्या कामाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते नीट होते आणि नीट होणे ही किमान अपेक्षा आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. दोन्ही रकमा आधी मालकानेच भरायच्या असतात, आणि मालकाला स्वतःचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. उशीर झाला तर १२ टक्के वार्षिक व्याज लागते. आमचे चलन बहुधा १२ तारखेपर्यंत भरलेले असते. मला अधिक मोलाची वाटते ती चलनासोबत येणारी तक्ता-प्रत, ज्यात प्रत्येक कामगाराचे वेतन दिलेले दिवस आमच्या हजेरीशी जुळवलेले असतात आणि सहामाहीत ७८ दिवसांच्या खाली राहण्याची शक्यता असलेली नावे वेगळी दाखवलेली असतात. तसेच एखाद्याचे वेतन जुलैमध्ये ईएसआयच्या २१,००० रुपयांच्या मासिक वेतनमर्यादेपुढे गेले तरी सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे तो अंशदान कालावधी संपेपर्यंत, त्याचे अंशदान चालू ठेवतात. पूर्वीचा सल्लागार असे नाव त्याच महिन्यात ‘व्याप्तीबाहेर’ दाखवून मोकळा होत असे.

कामगार जातो तेव्हा मात्र हे कार्यालय खरे कामाला लागते. त्यांचा एक पानी अर्ज आहे; त्यात शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख आणि जाण्याचे कारण सुपरवायझरने कामगारासमोर मराठीत किंवा हिंदीत लिहायचे, कामगाराने ते वाचून किंवा वाचून घेऊन सही करायची, आणि मगच कार्यालय ईएसआयच्या पोर्टलवर कारणाचा क्रमांक निवडते. कपातीसाठी १० आणि काम नसल्याबद्दल ११ असे वेगवेगळे क्रमांक तेथे पहिल्यापासून आहेत. आम्हाला ते कोणी दाखवले नव्हते इतकेच. कामगाराचे आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाशी जोडलेले आहे का, हेही तो कारखान्यात असतानाच तपासले जाते, कारण तो गेल्यावर त्याला हिंगण्याला पुन्हा बोलावणे म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडवणे असते.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत त्यांचा आग्रह मला सुरुवातीला जाचक वाटला. कंत्राटदाराच्या चलनात आमच्याकडे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावे दिसल्याशिवाय त्याचे बिल द्यायचे नाही, असे त्या सांगतात आणि त्यावरून आमच्या पेंटिंगच्या कंत्राटदाराशी दोनदा वाद झाला. कायद्याप्रमाणे मुख्य नियोक्ता म्हणून त्या अंशदानाची जबाबदारी माझीच आहे, हे समजल्यावर मी तो वाद पुढे वाढवला नाही.

उणिवाही आहेत. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन लागणे कठीण असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील उत्तर संध्याकाळी उशिरा येते. अपघाताच्या अहवालाचे काम मासिक फीमध्ये धरलेले नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात रविवारी ग्राइंडरवर एका तरुण कामगाराच्या बोटाला दुखापत झाली तेव्हा त्यांचे कार्यालय बंद होते. अहवाल २४ तासांत जायला हवा म्हणून मी तो रात्री स्वतः भरला आणि दोन चुका केल्या, ज्या सोमवारी दुरुस्त कराव्या लागल्या. सुटीच्या दिवसासाठी त्यांनी एक माणूस नेमायला हवा, हे मी त्यांना लेखी कळवले आहे.

आमच्या शहराला हा विषय नवा नाही. येथील एम्प्रेस मिल या कापड गिरणीने १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात-भरपाई सुरू केली, तेव्हा कोणत्याही कायद्याने तिला तसे करायला लावलेले नव्हते. माझे आजोबा त्या मिलमध्ये साच्यावर होते आणि निघताना मिळालेला हिशेबाचा कागद त्यांनी शेवटपर्यंत पेटीत जपून ठेवला होता. राजीनाम्याचे ते सहा छापील कागद फाइलमधून काढताना मला तोच कागद आठवत होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्याच आठवड्यात या कार्यालयाने आम्हाला चार पानांचे टिपण पाठवले. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे आणि ती कामगाराच्या खात्यात कपातीपासून ४५ दिवसांत जमा व्हायची आहे, हे मला त्या टिपणातून कळले.

आम्ही महिन्याला ४,५०० रुपये फी देतो. यापेक्षा निम्म्या दरात काम करणारे लोक मिळतात आणि ज्यांच्याकडे दहा-बारा कामगार आहेत त्यांना हा खर्च जड वाटेल. अशांनी निदान आपल्या सल्लागाराकडून मागील वर्षाच्या विवरणांच्या प्रती मागवाव्यात आणि गेलेल्या प्रत्येक कामगारासमोर कारणाचा कोणता क्रमांक लिहिला आहे तो स्वतः वाचावा. त्या प्रती पोर्टलवरून काढायला अर्धा तासही लागत नाही.