छडी की डॉन बॉस्कोंची रीत?

नाशिकचं शरणपूर असो वा नाशिक रोड, मुलांना शिस्त कशी लावायची, हा वाद ख्रिस्ती घरांत रंगतोच. छडीवाले बायबलमधलं नीतिसूत्रे 13:24 हे वचन पुढे करतात: छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी. शिक्षा लगेच, हिशेब तिथेच मिटला. सोय आहे खरी, पण पोर चूक सोडण्याऐवजी लपवायला शिकतं.

दुसरी रीत मुलांसाठी काम करणारे इटलीतले कॅथलिक धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी 1877 मध्ये मांडली: विवेक, धर्म, प्रेमळपणा. नियम आधी सांगायचे, मोठ्यांनी मुलांच्यात वावरायचं, म्हणजे शिक्षेची वेळच कमी येते. यात वेळ फार जातो (संध्याकाळी दमून आलेल्या आईबापांना विचारा!). तरी माझा कौल हिलाच. मुलांना चिरडीस आणू नका, असं प्रेषित पौलही बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (6:4) बापांना बजावतो; शिस्त लावा, हेही त्याच वचनात आहे. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदीच आहे.