भौमितिक आकारांचा स्टॅम्प सेट : नऊ महिने आणि साठ कार्डांनंतर

हाताने शुभेच्छा कार्डं करण्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा ठशांचा सेट घेतला आणि आता पोळा तोंडावर आलाय. नागपूरची थंडी, नागपूरचा मे आणि पावसाळा, सगळं त्याने माझ्याबरोबर काढलं. साठेक कार्डं झाली, जवळपास सगळी पुरुषांसाठी. पेटी उघडली त्या दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता काय टिकलं, काय बिघडलं आणि कशाला घरगुती उपाय सापडला, ते सांगता येईल.

सेट शोधला तो बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी. त्याआधी दोन संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरले. पुरुषांसाठी म्हणून जी कार्डं मिळतात त्यांच्यावर टाय असतो, मिशी असते, मोटार असते, नाहीतर सोनेरी अक्षरांत लांबलचक कविता. बाबांनी आयुष्यात टाय लावला नाही. पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. कालव्यांचे छेद, दरवाजांचे नकाशे, ट्रेसिंगच्या कापडावर काळी शाई, यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. या माणसाशी बोलायचं तर रेषेतच बोलावं लागेल, असं मला वाटलं.

सेटमध्ये पारदर्शक फोटोपॉलिमरचे, म्हणजे एका मऊ प्लास्टिकचे, अठरा स्टॅम्प आहेत. तीन मापांचे षटकोन, समभुज त्रिकोण, एकात एक वर्तुळं, आडव्या पट्ट्या, ठिपक्यांची जाळी, बाणासारख्या रेघा आणि शुभेच्छांचे काही इंग्रजी शब्द. सोबत एक ॲक्रिलिक ब्लॉक. स्टॅम्प त्या ब्लॉकला आपोआप चिकटतो, आरपार दिसतं, त्यामुळे ठसा कुठे पडणार ते आधी कळतं. आकार जुळवायच्या कामात हा फार मोठा फायदा आहे. लाकडी दांड्याच्या रबरी शिक्क्याने हे काम अंदाजानेच करावं लागतं. शब्दांचे स्टॅम्प मात्र मी एकदाही वापरले नाहीत. मजकूर मराठीत, हाताने लिहिते.

पहिल्या दिवशी ठसे डागाळ उमटले. शाई स्टॅम्पवर पसरायच्या ऐवजी थेंबाथेंबाने गोळा व्हायची. नवीन पारदर्शक स्टॅम्पवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, त्यामुळे असं होतं. पेन्सिलच्या साध्या खोडरबराने पृष्ठभाग हलकेच घासला, ओल्या फडक्याने पुसला आणि चौथ्या ठशापासून रंग एकसारखा येऊ लागला. कागदाखाली जुना माऊस पॅड ठेवला की आणखी फरक पडतो, कारण दाब सगळीकडे सारखा बसतो. तरीही भरीव मोठे आकार कठीणच जातात, मध्ये फिकट चट्टा राहतोच. नवख्यांनी बाह्यरेषेच्या आकारांपासून सुरुवात करावी. त्यांत चूक कमी होते आणि कार्डही जास्त नीटस दिसतं.

आता मोठ्या षटकोनाची गोष्ट. बाबांच्या कार्डावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी करायची होती. षटकोनाचा आतला कोन १२० अंशांचा, तीन कोपरे एका बिंदूत भेटले की ३६० पूर्ण होतात आणि मध्ये फट उरत नाही. वहीत हे सोपं असतं. ठसे मारताना पहिल्या ओळीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की सहाव्या ओळीपर्यंत ती तीन मिलिमीटर होते आणि सगळी जाळी कलल्यासारखी दिसते. मी तीन कागद वाया घालवले, चौथा बरा आला, तो जानेवारीत त्यांना दिला. त्यांनी कार्ड उघडून वाचलं, मिटलं आणि आतल्या खोलीत गेले. परत आले ते डिव्हायडर घेऊन. एकेक बाजू मोजली आणि म्हणाले, "बेटा, तुझा हात बरोबर आहे. ठसाच चुकीचा आहे. समोरासमोरच्या दोन बाजू मोठ्या आहेत."

खरंच होत्या. चार बाजू २३ मिलिमीटर, दोन २४. लहान दोन्ही षटकोन अचूक आहेत, मोठाच बिघडलेला. मी विक्रेत्याला फोटो पाठवले, बदली मिळाली नाही, उत्तरही आलं नाही. एवढे पैसे घेऊन भौमितिक सेट विकायचा आणि त्यात नियमित षटकोन नियमित नसावा, हे मला आजही पटत नाही. परीक्षणातला एक तारा मी त्यासाठीच कापते. मोठा षटकोन आता एकटाच, मजकुराची चौकट म्हणून वापरते. तिथे तो खपून जातो.

पण त्या दिवसानंतर बाबा माझ्या टेबलाशी बसू लागले. माझ्या कुठल्याही कामाशेजारी ते इतका वेळ पूर्वी कधी बसले नव्हते. त्यांनी शिकवलेलं सगळं या सेटला लागू पडलं. जाळी कधीही कडेपासून सुरू करायची नाही, कागदाच्या मध्यापासून बाहेर न्यायची, म्हणजे चूक चारी दिशांना वाटली जाते. आधी टोकदार एचबी पेन्सिलने एक आडवी आणि एक उभी रेघ, गुण्याने तपासून. ब्लॉकखाली आलेखकागद ठेवून स्टॅम्प त्याच्या रेघांना समांतर लावून घ्यायचा. ब्लॉकवर छापलेल्या रेघांवर भिस्त ठेवू नये, माझ्या ब्लॉकच्या रेघा कडेला समांतर नाहीत. मागे आलेखकागदाचा तुकडा पारदर्शक टेपने चिकटवला आणि तो प्रश्न मिटला.

कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्मं कार्ड कागदावरच ठरतं. मी २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम), चकाकी नसलेला कागद घेते. ए-४ मधोमध कापला की दोन ए-५, त्यांची घडी घातली की ए-६ मापाचं कार्ड, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्याला सी-६ पाकीट बसतं. कागद कुठून? लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे मशीनवर कापून उरलेल्या जाड पट्ट्या असतात. आमच्या ओळखीच्या छापखान्यात त्या किलोवर मिळतात आणि त्यांत असे राखाडी, मातकट, गर्द निळे रंग सापडतात जे स्टेशनरीच्या दुकानात दिसतही नाहीत. घडी घालण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो त्या दिशेने तंतू असतात, आणि घडी तंतूंना समांतर पडली तरच कड फाटत नाही. संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून एक खोल रेघ ओढायची आणि मग घडी. विकतचं अवजार घ्यायची गरज मला अजून पडलेली नाही.

शाईचं म्हणाल तर दोन प्रकार घरात असावेत. डाय शाई कागदात मुरते, पटकन वाळते, बारीक रेघा स्वच्छ येतात, पण उन्हात राहिली की फिकी पडते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, रंग गर्द आणि टिकाऊ, पण वाळायला वेळ लागतो. पिगमेंट शाई ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळणारी भुकटी) टाकून हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवली की रेघ उठून येते, हाताला लागते. गर्द निळ्या कागदावर तांब्याच्या रंगाच्या पट्ट्या अशा उठवल्या की दुसरं काही लागत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, पावडर उडून जाते आणि तेवढी उष्णताही मिळत नाही.

आणि इथे नागपूर आडवं येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी उघडा ठेवलेला इंक पॅड संध्याकाळपर्यंत कोरडा. माझा काळा पॅड असाच गेला. आता पॅड उलटे ठेवते, म्हणजे शाई ठसा टेकतो त्या बाजूला उतरून राहते, आणि एका ठशापुरतं झाकण उघडते. दुसरी अडचण कूलरची. कूलरसमोर बसलं की खोलीत ओल भरते, कागद कडेने वळतो आणि वळलेल्या कागदावर षटकोन जुळत नाहीत. कूलर बंद केला की हवा इतकी कोरडी होते की एम्बॉसिंग पावडर नको तिथे चिकटून बसते. यावर उपाय आईने सुचवला : पातळ सुती कापडात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधून ठसा मारण्याआधी कागदावरून हलकी फिरवायची. अचूक चालतं. उन्हाळाभर मी कामाची वेळ बदलून पहाटे पाच ते सात केली, कूलर बंद, खिडकी उघडी. जुलैत उलट झालं. पिगमेंट शाई दोन दोन दिवस ओली राहिली. कार्डं वह्यांच्या चळतीखाली दाबून ठेवायची घाई केली तर ठसा समोरच्या पानावर उमटतो.

पाण्याचा पांढरा गोंद जाड कागदालाही फुगवतो, दुहेरी टेप बरी. यापेक्षा जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

स्टॅम्पची प्रकृती मात्र उत्तम राहिली. एकही फाटला नाही, कडा बोथट झाल्या नाहीत. लाल शाईचा डाग राहतो, पण ठशात उतरत नाही. चिकटपणा कमी झाला की साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पकडतो. स्पिरिटने मी पुसत नाही. उन्हापासून मात्र सांभाळा. खिडकीत राहिलेला एक लहान त्रिकोण पिवळा आणि कडक झालाय.

पुरुषांसाठी कार्ड म्हणजे फुलं वर्ज्य, असं मी सुरुवातीला धरून चालले होते. माझे मामा नागपूरच्या महाल भागात राहतात. गच्चीवर त्यांची गुलाबाची बावीस कुंड्यांची बाग आहे. म्हणजे त्यांना फुलं आवडत नाहीत असं कसं म्हणू? मग कर्कटकाचं टोक ठेवून वर्तुळ काढलं, तीच त्रिज्या परिघावर सहा वेळा फिरवली आणि कंसांतून सहा पाकळ्या आल्या. शाळेत सगळ्यांनीच काढलेलं ते फूल. त्याभोवती सेटमधला मधला षटकोन बरोबर बसतो. राखाडी कागद, एकच केशरी पाकळी. मामांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. "हे तू हातानं केलं? असं बाजारात भेटतच नाई." ते कार्ड त्यांच्या कपाटाच्या काचेमागे लागलंय.

सगळ्यात जीव लावून केलेलं कार्ड जूनमधलं. बाबांचे एक स्नेही, खात्यात त्यांच्याबरोबर होते, मोजणीच्या कामात उन्हातान्हात साखळी ओढलेला माणूस. ते ऐंशीचे झाले. कार्ड कर, असं बाबा पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले, आणि काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं : त्रिकोणांची साखळी. १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थानची मोजणी सुरू झाली. एक बाजू आणि कोन हाती असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, आणि निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. नागपूरकडे निघालेले लॅम्बटन १८२३ साली वाटेत हिंगणघाटला वारले. त्यांचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं. आपल्या नागपुरातल्या झिरो माइल नावाच्या खुणेच्या दगडामागेही हेच सर्वेक्षण आहे. हे सगळं बाबा सांगत होते आणि मी ब्लॉकवर त्रिकोण लावत होते.

मातकट कागदावर गर्द तपकिरी शाईने लहान त्रिकोण खालून वर चढत नेले. साखळी नकाशाबरहुकूम नाही, तेवढी जागाही नव्हती. नागपूरच्या खाली हिंगणघाटापाशी एक केशरी ठिपका दिला. आत बाबांनी त्यांच्या जुन्या, एकसारख्या अक्षरांत फक्त एक आकडा लिहिला : १०२०.१७१ फूट. झिरो माइलच्या दगडावरची समुद्रसपाटीपासूनची उंची. त्याखाली दोघांची नावं. कार्ड पोचलं त्या रात्री काकांचा फोन आला. बाबा पाऊण तास बोलत होते, बहुतेक वेळ उभ्याने.

तर, घ्यायचा असेल त्यांच्यासाठी : सेट मला सहाशे साठला पडला. ब्लॉक वेगळा, चांगल्या जाडीचा घ्या, सोबत येतो तो पातळ आहे. गर्द निळा, तपकिरी, राखाडी आणि केशरी असे चार पॅड पुष्कळ झाले. पेटी आली की सगळ्यात आधी पट्टीने षटकोन मोजा, परत करायची मुदत संपायच्या आत.

सध्या भाच्यासाठी तान्ह्या पोळ्याचं (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात तो सण) कार्ड चालू आहे. तो सात वर्षांचा आहे आणि त्याच्या लाकडी बैलाइतकाच रुबाबदार बैल त्याला कार्डावर हवाय. धड दोन षटकोनांचं, पाय पट्ट्यांचे, शिंगं एकात एक वर्तुळांच्या ठशातून कापलेल्या कोरींची. मान जमत नव्हती. काल बाबांनी गुण्या ठेवून बघितलं आणि म्हणाले, "पंचेचाळीसात ठेव. बैल चालता दिसला पाहिजे."