सात महिने लिनक्सवर: सगळं जमलं, नेटवर्क सोडून

जून २०२५ मध्ये मी माझ्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट बंद होणार होते आणि माझं यंत्र २०१७ चं, विंडोज ११ च्या प्रोसेसरच्या अटीत न बसणारं. धडधाकट लॅपटॉप भंगारात काढायला मन होईना. एका मोठ्या, नावाजलेल्या डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाची, दीर्घ मुदतीची (बरीच वर्षं अपडेट मिळणारी) आवृत्ती घेतली. मी साताऱ्यात घरून भाषांतराचं काम करते. रोज आठ-नऊ तास याच यंत्रावर असते, त्यामुळे हे लिहिण्याइतका वापर झाला आहे.

जे चांगलं आहे ते आधी सांगते. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड पहिल्याच दिवशी सुरू झाला. जोडाक्षरं नीट दिसतात, लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचाचे मेनूसुद्धा मराठीत मिळाले. यंत्र पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतं आणि पंखा कमी ओरडतो. एवढं मिळाल्यावर परत जावंसं वाटत नाही, म्हणूनच पुढच्या गोष्टीचा त्रास जास्त होतो.

पहिल्या आठवड्यात वाय-फाय मध्येच मंदावायचं. त्याचा उपाय सापडला. जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमच्या एका फाइलमध्ये वाय-फायच्या पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं, म्हणजे वीजबचत चालू. तिथे २ केलं की ती बंद होते. बॅटरी थोडी जास्त जाते, पण मंदावणं थांबलं.

खरा छळ झाकण मिटण्याचा आहे. जेवायला उठताना लॅपटॉप मिटायचा, परत येऊन उघडायचा, की वाय-फायच गायब. जोडणी तुटलेली नसते, यंत्रात वाय-फायचं कार्डच नाही असं सेटिंग सांगतं. लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली घडामोडींची नोंद, उघडला तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारा लिनक्समधला प्रोग्रॅम) फर्मवेअरला (कार्डाच्या आतल्या प्रोग्रॅमला) हाक मारतोय आणि उत्तर येत नाही, अशा ओळी एकाखाली एक. ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा सुटा भाग, आज्ञा देऊन काढून परत घातलं की बहुतेक वेळा कार्ड जागं होतं. पण काही वेळा ती आज्ञाच अडकून बसते. मग रीस्टार्टनेही भागत नाही, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. उघडी असलेली पंधरा पानं, अर्धवट फाइल, शब्दकोश, सगळं बंद करायचं. एकदा संपादकांबरोबर व्हिडिओ कॉल ठरलेला असताना पाच मिनिटं आधी हे झालं. मी तो कॉल फोनवरून घेतला आणि ज्या मजकुरावर बोलायचं होतं तो मला समोर दिसत नव्हता.

शेवटी एक छोटी स्क्रिप्ट केली. लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारं सिस्टिमडी यंत्र झोपवण्याआधी आणि जागं केल्यावर ठरावीक फोल्डरमधल्या स्क्रिप्ट चालवतं. तिथे झोपण्याआधी मॉड्यूल काढायचं आणि उठल्यावर घालायचं असं लिहिलं. रोजचा त्रास आठवड्यातून एकदा-दोनदावर आला. पण संपला नाही.

दुसरी अडचण माझ्यापेक्षा बाबांची. आमच्याकडे लाइट गेली की राउटर बंद होतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. लाइट आल्यावर घरातले दोन्ही फोन आपले आपण जोडले जातात. लॅपटॉप मात्र राउटर पुरता सावरायच्या आत जोडायला जातो, दोघांमधलं ओळख पटवण्याचं ‘हस्तांदोलन’ फसतं, आणि पडद्यावर पासवर्डची चौकट येते. पासवर्ड बरोबर असतो, जपून ठेवलेलाही असतो. पण चौकट आली म्हणजे आपलंच चुकलं असं बाबांना वाटतं. चष्मा लावून ते वहीतून एकेक अक्षर बघून टाइप करतात, पुन्हा तीच चौकट. चौकट रद्द करून मिनिटभर थांबायचं, मग यादीतून आपलं नेटवर्क निवडायचं, हे मी त्यांना वहीतच लिहून दिलं आहे. ‘राउटरने प्रतिसाद दिला नाही’ असं एक खरं वाक्य तिथे आलं असतं, तर सत्तरीतल्या माणसाला स्वतःवर शंका घ्यावी लागली नसती.

ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) बंद केल्यावर कधीकधी एकही संकेतस्थळ उघडत नाही, पण ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग, म्हणजे चाचणीची हाक, जातो. म्हणजे वाट आहे, नावांचे पत्ते मिळत नाहीत. या डिस्ट्रोत सगळ्या प्रोग्रॅमचे असे प्रश्न सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही सेवा यंत्रातल्याच १२७.०.०.५३ या पत्त्यावर घेते आणि ज्या त्या जोडणीच्या डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे) पाठवते. माझ्याकडे ती तुटलेल्या व्हीपीएनच्याच डीएनएसला विचारत राहते. ती सेवा रीस्टार्ट केली की चालतं. वरच्या कोपऱ्यात वाय-फायच्या पट्ट्या मात्र सगळा वेळ पूर्ण भरलेल्या.

झाकणाच्या बगची, म्हणजे त्या दोषाची, नोंद मी ऑगस्टमध्ये केली. लॉग, कार्डाचा मॉडेल क्रमांक, कर्नलची (ड्रायव्हर ज्यात असतात त्या लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती, सगळं जोडलं. आणखी काहीजणांनी खाली ‘मलाही हेच होतंय’ असं लिहिलं. एकाने नव्या कर्नलवर करून बघायला सांगितलं, मी एक रविवार घालवून ते केलं, फरक पडला नाही, तसं कळवलं. त्यानंतर शांतता. डिसेंबरमध्ये आपोआप आलेला संदेश: बरेच दिवस हालचाल नाही, म्हणून नोंद बंद करत आहोत. हालचाल नाही कारण बग तसाच आहे! मी नवा लॉग जोडून ती पुन्हा उघडून घेतली.

यात काम करणाऱ्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. एकेका कार्डाच्या फर्मवेअरचा कोड कंपनीच्या हातात असतो, ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तो दिसतही नाही, आणि माझंच कार्ड, माझाच लॅपटॉप त्याच्या टेबलावर असेलच असं नाही. नवं कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं, पण दीर्घ मुदतीच्या डिस्ट्रोत ते लगेच पोचत नाही. हे सगळं मला समजतं. पण अपडेटच्या टिपणांत प्रत्येक वेळी नवे आयकॉन आणि नवे रंग दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. नेट नसेल तर त्या सुंदर डेस्कटॉपवर मी काम काय करणार?

दिवाळीत भावाने विचारलं, त्याच्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर हेच टाकून देशील का. त्याची बिलं, यूपीआयचा हिशेब सगळं नेटवर. मी आधी त्याच्या वाय-फाय कार्डाचं नाव विचारलं. ते माझ्याच कार्डाच्या कुळातलं निघालं, म्हणून नाही म्हणाले. त्याच्या जागी यूएसबीचं इथरनेट अडॅप्टर आणि केबल चालत असेल तर मी आजही बेधडक टाकून देईन, कारण केबलवर मला सात महिन्यांत एकदाही अडचण आली नाही.

माझ्या टेबलावरही आता तशीच केबल आहे, कॉल असला की तीच लावते. नवं कर्नल आलं की दहा वेळा झाकण मिटते-उघडते आणि किती वेळा कार्ड परत आलं ते त्या नोंदीत लिहिते. मागच्या वेळी दहापैकी आठ.