एसटीसी-१००० : बिअरच्या फ्रीझरसाठी घरी बांधलेला कंट्रोलर

वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर उणे १८ अंशांसाठी घडवलेला असतो, आणि पाच टक्के अल्कोहोलची बिअर मात्र उणे दोन-अडीच अंशांच्या आसपासच गोठू लागते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे बाटल्या तडकण्याची भीती कायम राहते. हाच फ्रीझर ४ ते ६ अंशांवर चालवायचा असेल, तर त्याची आतली वायरिंग न छेडता बाहेरून कंट्रोलर, म्हणजे तापमान मोजून वीज चालू-बंद करणारे उपकरण, जोडणे मला सर्वांत योग्य वाटते. लागणारे बहुतेक सामान, म्हणजे प्लॅस्टिकचा डबा, सॉकेट, फ्यूज, वायर आणि खुद्द एसटीसी-१००० हा तयार कंट्रोलर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळते. कंट्रोलर हजार रुपयांच्या आत बसतो.

मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप) आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घेऊन स्वतः प्रोग्राम लिहिण्याचा मार्गही होता, आणि तो सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत अचूक असल्याने मोह होतोच. एसटीसीची अचूकता एका अंशाची आहे. तरीही मी एसटीसीच्या बाजूने आहे, त्याचे कारण कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला काही मिनिटे लागतात, आणि त्याआधीच तो सुरू केला तर मोटर अडकून तापते. एसटीसीमध्ये एफ-३ या सेटिंगने १ ते १० मिनिटांची सक्तीची विश्रांती देता येते, आणि वीज जाऊन लगेच परत आली तरीही तो ती पाळतो. मेअखेरीस वळवाच्या पावसात दिवे सारखे ये-जा करतात, तेव्हा या एका सोयीची किंमत कळते. सेन्सरची वायर तुटली तर पडद्यावर ‘ईई’ दिसते, बझर वाजतो आणि कॉम्प्रेसर बंद राहतो, हेही मला तितकेच मोलाचे वाटते.

जोडणीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १ आणि २ या टर्मिनलांना वीजपुरवठा, ३ आणि ४ ला सेन्सर, ५-६ हीटिंगसाठी आणि ७-८ कूलिंगसाठी असतात. पण ७-८ वर वीज आपोआप येत नाही, तो निव्वळ स्विच आहे. म्हणून फेजची वेगळी वायर ७ वर आणून ८ वरून सॉकेटकडे न्यावी लागते. अर्थिंग सोडू नये, आणि विजेच्या कामाचा सराव नसेल तर ही जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. कंट्रोलरमधल्या रिलेवर, म्हणजे आतल्या स्विचवर, १० अँपिअर लिहिलेले असले तरी कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचतो, त्यामुळे मोठ्या फ्रीझरला मध्ये काँटॅक्टर (जास्त प्रवाह झेलणारा स्विच) घालणे मी आवश्यक मानतो.

माझ्याकडे एफ-१ वर (हवे असलेले तापमान) ४ आणि एफ-२ वर (त्यापुढे चालणारा फरक) १.५ अंश ठेवले आहेत, म्हणजे ५.५ ला कॉम्प्रेसर सुरू होतो आणि ४ ला थांबतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच आकडा उसळतो. तो मधल्या बाटलीला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधला की कंट्रोलर हवेऐवजी बिअरचे तापमान मोजू लागतो. कॉम्प्रेसर थांबल्यावरही भिंती काही काळ थंडी सोडत राहतात, म्हणून भिंतीला टेकलेल्या बाटल्या इतरांपेक्षा जास्त गार होतात, आणि थंड हवा तळाशी बसते. १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा आत ठेवल्यास हा फरक बराच कमी होतो. इतक्या तापमानाला भिंतींवर बर्फाऐवजी पाणी सुटते, तेव्हा तळ अधूनमधून पुसावा लागतो.

फ्रीझरचा मूळ नॉब सर्वांत थंड खुणेवर ठेवावा. वीज परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय चालू न होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या फ्रीझरला मात्र हा कंट्रोलर उपयोगाचा नाही.