उसाच्या ट्रॉलीचा चरा: टच-अप किट घ्यावं की गॅरेज गाठावं?

गळीत हंगाम सुरू झाला की सांगलीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचाही हंगाम सुरू होतो. इस्लामपूर, पलूस, तासगावच्या रस्त्यावर डबल ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस कारच्या दारावरून घासत जातो आणि मालकाच्या काळजाचं पाणी होतं. पण उसाचा चरा बहुतेक वेळा दिसतो तेवढा खोल नसतो. निम्मा डाग उसावरच्या मेणाचा आणि धुळीचा. आधी शॅम्पूनं धुवा, उरलेलं मऊ फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा. ट्रॉलीचा लोखंडी खुंट लागला असेल, तर मात्र प्रकरण वेगळं.

मग चऱ्यावर पाणी मारा. ओला असताना गायब आणि वाळल्यावर परत हजर, तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. नख अडकलं तर खोल. आत करडं दिसलं तर बहुधा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), धातू चकाकला तर पत्रा. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. त्यात क्लिअर 35 ते 50. घासायला वाव किती, ते यावरून कळावं.

क्लिअरमधला चरा घरीच काढावा, यासाठी गॅरेजला पैसे देण्यात अर्थ नाही. 2000 नंबरचा वॉटर पेपर दहा-पंधरा मिनिटं भिजवायचा, पाण्यात शॅम्पूचे दोन थेंब टाकायचे आणि कागद रबरी ठोकळ्याला गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खुणांचे पन्हाळ पडतात. सावलीत, हलक्या हातानं दहा-पंधरा फेऱ्या मारून पुसून बघा. निघणारं पाणी दुधाळ असेल तोवर ठीक. त्यात गाडीचा रंग उतरला की थांबा, क्लिअर संपलं. (पांढऱ्या गाडीत ही खूण कळत नाही, तिथं हात आखडताच ठेवा.) पुढं 3000, मग कंपाऊंड, मग पॉलिश. दाराच्या उठावदार रेघेवर आधीच टेप लावा, कारण घासताना सगळ्यात आधी तिथलाच रंग उडतो.

पत्र्यापर्यंत गेलेल्या टिकल्यांना टच-अप बाटली पुरते. रंगाचा कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर सापडतो. 'पांढरा द्या' म्हणून आणलेला पांढरा कधीच जुळत नाही. बाटलीतला ब्रश जाडा असतो, त्यापेक्षा टूथपिकचं टोक बरं. थेंब खड्ड्यातच पडला पाहिजे. एक जाड थर देण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या अंतरानं तीन पातळ थर द्या, मग क्लिअर, आणि आठवड्यानं 2000 नं सपाट करा. जवळून खूण दिसेलच, पण गंज थांबतो. एवढ्यासाठीच बाटलीला पूर्ण गुण.

स्प्रे कॅनला मात्र नापास. सिल्व्हर, ग्रे असे मेटॅलिक रंग हवेच्या दाबावर आणि हाताच्या वेगावर छटा बदलतात, त्यामुळं दारावर ढगासारखा डाग उरतो. हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसलेलं क्लिअर पेट्रोलच्या थेंबानं मऊ पडतं. हार्डनरवाला कॅन टिकतो, पण त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. शिवाय आपल्याकडं शेजारच्या रानात कुणी पाचट पेटवलं, की काजळीचे काळे धागे बरोबर ओल्या रंगावर येऊन बसतात. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याकडं, दमट हवेनं रंग पांढुरका पडतो तो वेगळाच.

म्हणजे हातभर चरा आणि मेटॅलिक रंग असेल तर गॅरेजच. तिथं दर विचारण्याआधी हे विचारा: हँडल आणि काचेची बीडिंग (कडेची रबरी पट्टी) काढणार की टेप लावून भागवणार? क्लिअर अख्ख्या पॅनलवर मारणार की तुकड्यावर? शेजारच्या पॅनलमध्ये रंग ब्लेंड करणार का, म्हणजे फरक दिसू नये म्हणून हळूहळू मिसळत नेणार का? तुकड्यावर मारलेल्या क्लिअरची कड वर्षभरात उमटते. दुसरी नेहमीची खोट म्हणजे घाई: लांबी (पत्र्याचा खड्डा भरायची पुट्टी) नीट सुकण्याआधी रंग चढवला, की महिन्या-दोन महिन्यांत तिची कड खालून दिसू लागते. शंका आली तर पातळ कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जाड लांबीवर ते धरत नाही. प्लास्टिकच्या बंपरला वेगळा प्रायमर लागतो. तो टाळला तर वॉशिंगच्या प्रेशरनं पोपडे उडतात. गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी, ट्यूबलाइटखाली नाही.

एका दारासाठी विम्याचा क्लेम क्वचितच परवडतो. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1000 रुपये खिशातून जातात, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात, आणि 20 ते 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पुढच्या वर्षी शून्यावर येतो.

आणि पत्रा उघडा पडला नसेल तर नोव्हेंबरात रंगकामाला हातच लावू नका. मार्च-एप्रिलात कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गळीत संपलं, रस्ते मोकळे झाले, की सगळे चरे एकदमच काढून घ्या.