कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क २ : बडोद्यात उत्तरायण ते दिवाळी

शिकायला पहिला कॅमेरा म्हणून कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न बदलणारा छोटा कॅमेरा, घ्यावा का? दहा महिने वापरल्यावर उत्तर ‘हो’ असंच आहे, पण एक अट आहे: पहिले तीन महिने मॅन्युअल मोडच्या (सगळं हाताने ठरवण्याच्या) नादी लागायचं नाही. आधी शिकायच्या गोष्टी दोनच. एक, शटरचं बटण अर्धं दाबणं. दुसरी, मोडच्या चकतीखाली असलेली प्लस-मायनसची चकती. छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट), शटर (तो किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (सेन्सर त्याला किती संवेदनशील) हे त्रिकूट त्यानंतर आपोआप समजायला लागतं. उलट क्रमाने जाणारे बहुतेक जण कंटाळून पुन्हा ऑटोवर येतात.

आधी वस्तू कशी आहे ते. मॉडेल २०१६ मधलं, त्यामुळे आता बरेचदा जुन्या बाजारातूनच हाती येतं. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटर आहे. मापाच्या नावावर जाऊ नका, तरी बहुतेक फोनांच्या सेन्सरपेक्षा तो मोठाच. २०.१ मेगापिक्सेल, २४ ते १०० मिलिमीटरच्या तोडीचा झूम, एफ १.८ ते २.८ छिद्र (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), बॅटरी आणि कार्डासकट वजन ३१९ ग्रॅम. पँटच्या खिशात मावतो, सदऱ्याच्या खिशात घातला तर सदरा एका बाजूला ओघळतो. व्ह्यूफाइंडर नाही, बाहेरचा फ्लॅश लावायची सोय नाही, माइकचं सॉकेट नाही. हे तिन्ही हवं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

जुना घेताना चार गोष्टी दुकानातच तपासा. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स दर वेळी एकाच आवाजात, न अडखळता बाहेर यायला हवी. पूर्ण झूम करून एफ ११ वर कोऱ्या भिंतीचा फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. करडे गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ बसली आहे. मग भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवून समोरून, एफ १.८ वर, झूम न करता फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर चालतं. एकच बाजू पुसट असेल तर कॅमेरा कधीतरी पडलाय आणि आतली भिंगं कललीत, असा कॅमेरा सोडून द्या. शेवटी बॅटरी काढून बघा. ती सहज निघत नसेल तर फुगलेली आहे.

आता अर्धं बटण. फोनची सवय असलेला माणूस बटण एका दमात खाली दाबतो, आणि फोकस लागण्याच्या गडबडीत क्षण निघून जातो. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस आणि उजेड मोजून थांबतो, दोनदा बीप करतो, चौकट हिरवी होते. पिवळी झाली तर फोकस लागलेला नाही. कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: समोर सपाट, विनारेषेची वस्तू आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. झूम न करता हा कॅमेरा ५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, पण पूर्ण झूमवर ४० सेंटिमीटर अंतर लागतं. फूल मोठं दिसावं म्हणून झूम करून जवळ जाणं ही नवशिक्याची हमखास चूक. कमाटीबागेत रविवारी सकाळी हेच बघायला मिळतं. शिवाय चेहरा शोधणारा फोकस सोडून एक-बिंदू फोकस निवडा. मधल्या चौकटीत विषय धरायचा, अर्धं दाबायचं, बोट न उचलता कॅमेरा वळवून मांडणी करायची, मग पूर्ण दाबायचं. ही सवय बोटात बसायला आठवडाभर लागतो.

प्लस-मायनसच्या चकतीमागचं गणित एकदा समजलं की जन्मभर पुरतं. प्लस दिलं की फोटो उजळ होतो, मायनस दिलं की गडद. समोर काहीही असो, कॅमेऱ्याला त्याची सरासरी मधल्या करड्या रंगाची हवी असते. म्हणून पांढरं मळकट होतं आणि काळं धुरकट. उत्तरायणाला अख्खं बडोदं धाब्यावर असतं (कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं म्हणणं धाब्यावर बसवायला याहून चांगली जागा नाही). उजळ आकाशापुढे पतंग काळपट येतो, तिथे +१ द्या. काळ्या पाषाणाच्या गणपतीला −२/३. सुरसागर तलावाच्या मधोमध असलेला सोनेरी सर्वेश्वर महादेव ऊन थेट अंगावर असताना चमकून पांढरा पडतो, तिथे −१. सूर्य मागे गेला की तीच मूर्ती काळी दिसते, तेव्हा +१. एकाच वस्तूला सकाळ-संध्याकाळ दोन वेगळे आकडे लागतात, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पटत नाही. चकती मात्र खिशात घासून आपोआप फिरते. कॅमेरा बाहेर काढला की आधी ती शून्यावर आहे का ते बघा.

तीन महिन्यांनी एव्ही मोड: छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. लेन्सभोवतीच्या कड्याने छिद्र बदलतं. कड्याजवळच्या खटक्याने ते टिकटिक करत फिरेल की गुळगुळीत, हे ठरवता येतं. शिकताना टिकटिकच ठेवा, मोजून फिरवता येतं. एफ १.८ ठेवलं की मागचं सगळं विरघळेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. सेन्सर लहान, त्यामुळे माणूस दोन-तीन मीटरवर असला तर मागची मंडळीही ओळखू येतात. धूसर पार्श्वभूमी हवी तर पूर्ण झूम, एफ २.८, विषय जवळ आणि भिंत लांब. कोरीवकाम, वास्तू यांना एफ ४ ते ५.६ सर्वांत चांगलं. एफ ८ च्या पुढे लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि बारकावे मऊ पडतात.

आणि एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समधून येणारा प्रकाश कमी करणारी करडी काच. मेनूत दडलेला हा पर्याय कुणी चालूच करत नाही, म्हणून थोडं सविस्तर. भर दुपारी, आयएसओ १२५ वर, एफ २.८ ला साधारण १/४००० सेकंद शटर लागतं. या कॅमेऱ्याचं सर्वांत वेगवान शटर १/२००० आहे. म्हणजे फोटो पांढरा पडणार. एनडी चालू केला की प्रकाश आठपट कमी होतो आणि शटर १/५०० वर येतं. उन्हातली ‘ओव्हर’ फोटोंची तक्रार तिथेच संपते. संध्याकाळी तो बंद करायला विसरलात तर आयएसओ गुपचूप वर चढतो आणि चित्र दाणेदार येतं, हे दुसरं टोक.

नवरात्र ही खरी परीक्षा. गरब्याच्या मैदानात दिवे भरपूर दिसतात, तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो अंधारच. टीव्ही मोड (शटर आपण ठरवायचं, छिद्र कॅमेरा ठरवतो), १/२५०, आयएसओची कमाल मर्यादा ३२००, झूम अजिबात नाही, कारण झूम केलं की छिद्र २.८ पर्यंत लहान होतं आणि सव्वा पट्टीहून जास्त उजेड जातो (एक पट्टी म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आभल्यांची लाल चणियाचोळी उजेडात सपाट लाल डाग होऊन येते. −२/३ दिलं तर भरतकाम शिल्लक राहतं. फ्लॅश वर काढू नका. पुढची एक ओळ भुतासारखी पांढरी आणि मागे काळोख, असं चित्र मिळतं. गती दाखवायची असेल तर १/१५ ठेवून फेऱ्यातल्या एकाच व्यक्तीबरोबर कॅमेरा फिरवत राहा. दहात एखादा फोटो साधतो, पण तो साधला की फोनचे शंभर विसरायला होतात.

व्हिडिओ घेणार असाल तर मेनूत व्हिडिओची पद्धत ‘पाल’ निवडून २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, नाहीतर दिव्यांच्या पट्ट्या सरकताना दिसतात. आवाजाची आशा सोडा. ढोल जवळ असला की आतला माइक फाटतो.

कुठे हा कॅमेरा कमी पडतो? विश्वामित्री नदीच्या पुलावर. १०० मिलिमीटरला ३० मीटरवरची जवळपास ११ मीटर रुंद जागा चौकटीत मावते, त्यात अडीच मीटरची मगर पाव चौकटसुद्धा भरत नाही. चांपानेरच्या जामी मशिदीत, दगडी जाळीतून येणारं ऊन आणि आतला काळोख एकाच चौकटीत आले की फोन सरस ठरतो, कारण तो अनेक फोटो झटकन जोडतो. इथे रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढून, जाळी सांभाळून, सावल्या नंतर उचलाव्या लागतात. दोन पट्ट्यांपर्यंत ठीक, पुढे दाणे दिसतात. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यासारख्या अंधाऱ्या, चित्रांनी भरलेल्या भिंतींना मात्र हा कॅमेरा छान मानवतो. फ्लॅश बंद, झूम नाही, कोपर बरगडीला टेकवून, श्वास सोडता सोडता १/१५ वर हलकेच बटण. भिंतीवरचं चित्र हलत नाही, आणि हाताची थरथर कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर सावरतो. परवानगी आहे का, ते आधी दारात विचारा.

बाहेर-आत सरकणारी लेन्स म्हणजे दर वेळी आत जाणारी हवा आणि तिच्याबरोबर धूळ. विसर्जनाच्या गुलालात तो पिशवीतच बरा. बॅगेत चुकून चालू झाला आणि लेन्स कशाला अडली, तर आतले दाते घसरतात आणि स्क्रीनवर लेन्स एरर येते. दुरुस्ती महाग असते. म्हणून घट्ट पाऊच. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्या. एसीच्या गाडीतून दमट हवेत उतरल्यावर वीस मिनिटं बॅगेतून काढू नका, भिंगावर वाफ धरते.

बॅटरी एनबी-१३एल. कंपनीचा आकडा २६५ फोटोंचा. वाय-फाय वापरलं आणि दर फोटो बघत बसलात तर तेवढे होत नाहीत. दुसरी बॅटरी घ्याच. मायक्रो यूएसबीने कॅमेऱ्यातही चार्ज होते, म्हणजे पॉवर बँक चालते. कार्ड ३२ जीबी पुरे, लॅपटॉपवर फोटो उतरवल्यावर ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

दिवाळीत रांगोळी आणि पणत्यांसाठी ट्रायपॉड नसला तरी अडत नाही. उपडा डबा, त्यावर कॅमेरा, स्क्रीन वर उचललेली, स्टॅबिलायझर बंद, आयएसओ १२५, एफ ४, शटर अर्धा ते एक सेकंद, टायमर दोन सेकंदांचा. बटण दाबून हात काढून घ्या, आणि वाऱ्याने ज्योत हलत असेल तर ती स्थिर होईपर्यंत थांबा.