पुलाचा स्लॅब: ओलं गोणपाट की क्युरिंग कंपाउंड?

एप्रिलमध्ये बीड-लातूरकडे दुपारी स्लॅब ओतला की पहिल्या काही तासांतच बारीक भेगा दिसू लागतात. ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेतात. चौरस मीटरमागे तासाला 1 किलोच्या आसपास बाष्पीभवन होऊ लागलं की धोका वाढतो.

म्हणूनच क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट काही दिवस ओलं ठेवणं, महत्त्वाचं. त्यात ओल्या गोणपाटाला तोड नाही. ते पाणी नुसतं धरून ठेवत नाही, वरून पुरवतंही, आणि स्लॅब थंड राहतो. पण ते सतत ओलं हवं. सकाळी पाणी मारलं, दुपारी गोणपाट कडकडीत वाळलं, असं झालं तर काँक्रीट पुन्हापुन्हा आकसतं. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस 456) उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओलावा लागतो. म्हणजे टँकर आणि रात्रपाळीचा माणूस ठरलेला. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, हे इथे विसरता येत नाही.

क्युरिंग कंपाउंड म्हणजे आतलं पाणी उडू नये म्हणून काँक्रीटवर मारायचा, मेणाचा पातळ थर धरणारा द्रव. त्याचं काम फवारणीपुरतं. पृष्ठभागावरची पाण्याची चकाकी गेली की लगेच मारायचं; पांढरं असेल तर ऊनही परतवतं. मात्र ते नवं पाणी देत नाही, आणि मेणाचा थर काढल्याशिवाय वर वॉटरप्रूफिंग धरत नाही.

माझं मत: पाण्याची खात्री असेल तर गोणपाटच, वर प्लास्टिक अंथरून. नसेल तर कंपाउंड. आणि काहीही निवडा, ओतकाम संध्याकाळनंतरच घ्या.